कळस की लोटा? कवितेतल्या आणि नाटकातल्या प्रतिमा वाचायच्या कशा

'तवा हे संसाराचे प्रतीक आहे.' जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही कॉलेजातल्या मराठीच्या उत्तरपत्रिका घ्या, बहिणाबाईंवरच्या उत्तरात हे वाक्य भेटतंच. ते गाईडमधून येतं. गाईडात तक्तेच असतात: नदी म्हणजे जीवन, काळोख म्हणजे निराशा, घरटं म्हणजे माया. पाठ करायला सोपे आणि कविता समजण्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. बी.ए.ची मुलं, युवारंगला (विद्यापीठाच्या युवक महोत्सवाला) एकांकिका बसवणारे हौशी दिग्दर्शक आणि शाळेत कविता शिकवणारे मास्तर-बाई, या तिघांसाठी मी इथे एक पद्धत लिहितो आहे. तिला तक्ता लागत नाही. पेन्सिल लागते आणि थोडा धीर.

पहिली पायरी: अर्थ बाजूला ठेवा, वस्तू बघा

ओळी सगळ्यांना पाठ आहेत:

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तव्हा मिळते भाकर

(छापील प्रतींत बोलीचे पाठभेद आढळतात. तुमच्याकडे असेल तो पाठ घ्या, पण वाचताना पुस्तकी उच्चारात वाचू नका.)

आता संसार विसरा आणि चुलीपुढे बसा. पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) जाळ एकसारखा नसतो. भडकन पेटतो आणि तितक्याच लवकर बसतो. भाकरी हाताने थापायची, हातानेच तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं, उलटताना बोटं पुन्हा तव्यापाशी. म्हणजे चटका बसणं हा अपघात नाही, तो त्या कामातच आहे. ज्या हाताला चटका बसतो त्याच हाताला भाकर मिळते. एवढं पाहिलं की 'आधी' आणि 'तव्हा' हे दोन शब्द उठून दिसायला लागतात. या प्रतिमेचा खरा भार तव्यावर नाहीच, क्रमावर आहे. गाईडातलं वाक्य नेमका हा क्रम गाळतं.

हे करायची सवय अशी लावा. कवितेतल्या ज्या ज्या नामांना हात लावता येईल त्यांच्याखाली रेघ मारा. मग त्यांच्याबरोबरची क्रियापदं गोल करा. प्रत्येक वस्तूपुढे लिहा: डोळ्यांना काय दिसतं, कानाला काय ऐकू येतं, कातडीला काय लागतं, नाकाला, जिभेला काय. सगळे रकाने भरणार नाहीत, भरायचेही नाहीत. पण बहुतेक विद्यार्थी फक्त डोळ्याचा रकाना भरतात, आणि बहिणाबाईंच्या ओव्यांत कातडीचा रकाना आधी भरतो.

'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर' घ्या. ढोर नुसतं मोकाट असतं तर 'मन चंचल असतं' एवढंच कळलं असतं. ते उभ्या पिकात आहे. म्हणजे नुकसान चालू आहे, आणि नुकसान आपल्याच शेताचं आहे. 'किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर.' एकदा हिरव्याची चव लागलेलं जनावर काठीला भीत नाही, हे ज्याने ज्वारी राखली आहे त्याला सांगावं लागत नाही. आता प्रश्न विचारा: हाकलणारा कोण? मन हे ढोर असेल, तर त्याच्यामागे धावणारा माणूस मनाच्या बाहेरचा आहे का? कविता उत्तर देत नाही. पण हा प्रश्न ढोराकडे नीट पाहिल्यावरच पडतो.

दुसरी पायरी: तुलना आहे की प्रतीक, ते ठरवा

परिभाषेवर फार वेळ घालवू नका, पण गोंधळही नको. 'जसा तवा' ही उपमा: संसार वेगळा, तवा वेगळा, मध्ये 'जसा'. 'मन… ढोर' हे रूपक: मधला शब्द गेला, दोन्ही एक झाले. प्रतिमा हा मोठा शब्द आहे. इंद्रियांना जाणवेल असं कोणतंही शब्दचित्र, तुलना असो नसो. आणि प्रतीक म्हणजे अशी वस्तू जी कवितेत किंवा नाटकात स्वतः खरीखुरी असते आणि तिच्यापलीकडचंही काही वागवते. तेव्हा तव्याला प्रतीक म्हणताना थोडं थांबा. तिथे कवयित्रीने तुलना उघड केली आहे, लपवलेलं काही नाही.

आपल्या जुन्या अलंकारशास्त्रात यासाठी शब्दाच्या तीन शक्ती आहेत: अभिधा (सरळ अर्थ), लक्षणा, व्यंजना. 'गंगेवर गवळीवाडा' हे त्यातलं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण. शब्दशः घेतलं तर पाण्याच्या प्रवाहावर वाडा, जे अशक्य; म्हणून लक्षणेने 'गंगेच्या काठावर' असा अर्थ घ्यायचा. पण मग सरळ 'काठावर' का म्हटलं नाही? कारण 'गंगेवर' म्हटल्याने गारवा आणि पावित्र्य वाड्यापर्यंत पोचतं. ही व्यंजना. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोक' लिहिला तो ह्या न बोललेल्या अर्थालाच काव्याचा आत्मा मानून. परीक्षेत हे लिहा, पण वाचताना एक साधी कसोटी पुरते: ती वस्तू काढून तिथे तिचा 'अर्थ' ठेवला तर काय हरवतं? काहीच हरवत नसेल तर ती सजावट होती.

तिसरी पायरी: वस्तू कुठे ठेवली आहे?

मला विचाराल तर सगळी गोम इथे आहे. त्याच 'अरे संसार संसार' मध्ये पुढे बहिणाबाई म्हणतात:

अरे संसार संसार, खोटा कधी म्हणू नाही
राउळाच्या कळसाला लोटा कधी म्हणू नाही

लोटा आणि कळस, आकाराने भावंडं. दोन्ही धातूचे, दोन्ही पोटाला फुगीर. एक परसाकडे जाताना हातात असतो, दुसऱ्याला गाव मान वर करून नमस्कार करतं. फरक धातूचा नाही, जागेचा आहे. लगेच पुढे हार आणि लोढणं येतं: गळ्यातल्या हाराला लोढणं म्हणू नको. लोढणं म्हणजे ओढाळ जनावराच्या गळ्यात अडकवतात तो ओंडका. हारही गळ्यातच, लोढणंही गळ्यातच. इथे जागा एकच आहे आणि बदलते ती बघणाऱ्याची नजर. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने (जन्म १८८०, असोदा, 'बहिणाबाईची गाणी' छापून आली १९५२ साली, त्या गेल्यानंतर) प्रतीक कसं घडतं हे चार ओळींत करून दाखवलं आहे. आणि गाईडवाले त्यातून तवा तेवढा उचलतात.

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूला तीन प्रश्न: कवितेत ती कितव्या ओळीत येते? तिच्या शेजारी कोणती वस्तू आहे? तिच्याकडे कोण पाहतंय?

चौथी पायरी: एक कविता सावकाश सोडवू

बालकवींचा 'औदुंबर' आठ ओळींचा आहे. प्रयोगाला याहून चांगली कविता मला माहीत नाही.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन

पुढे पैल टेकडीकडे चार घरांचं चिमुकलं गाव, शेतमळ्यांची हिरवी गरदी, तीतून निघालेली अडवीतिडवी पांढरी पायवाट, जी हिरव्या कुरणांमधून काळ्या डोहाकडे चालली आहे. आणि मग:

झाकळुनि जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

आधी फक्त रंग मोजा. हिरवा तीनदा येतो: हिरवाळी, हिरवी गरदी, हिरवी कुरणं. तिन्ही पहिल्या सहा ओळींत. सातव्या-आठव्या ओळीत हिरवं नावाला नाही. एवढं मोठं झाड आलं आणि त्याला हिरवा रंग दिलेला नाही, त्याच्या वाट्याला फक्त काळिमा. हे कवीने केलेलं आहे. झाड तर हिरवंच असतं.

मग हालचाल. झरा वाहतो, वाट चालली आहे, औदुंबर बसला आहे. धावणं, चालणं, बसणं. कविता पुढे जाते तशी गती कमी होत शून्यावर येते. आता माणसं शोधा. घरं आहेत, शेतं आहेत, वाट आहे, पण वाटेवर कोणी नाही. चालते ती वाटच. आख्ख्या चित्रात माणसासारखं वागणारं एकच जण, ते झाड: पाय सोडून पाण्यात बसलेलं.

आणि 'गोड काळिमा'. इथे पेन्सिल थांबलीच पाहिजे. काळिमा गोड कसा? हा एक शब्द नसता तर कविता सरळ खिन्नतेकडे गेली असती. 'गोड'मुळे त्या अंधाराला ओढ आहे. भीती आणि विसावा एकाच जागी आले.

एवढं जमवल्यावर अर्थाकडे या. कोणी औदुंबरात विरक्त जोगी पाहतं, कोणी मृत्यूची शांतता, कोणी उदास कवी स्वतः. तिघांनाही कवितेत आधार सापडतो. तो कुठल्या ओळीत, ते दाखवायचं ओझं वाचणाऱ्यावर. जे सापडत नाही ते लादू नका. औदुंबर म्हटलं की दत्त आठवतो हे खरं, उंबराला फूल दिसत नाही हेही खरं. पण इथे ना पादुका आहेत ना फुलाचा उल्लेख. दत्ताची छाया झाडाच्या ध्यानस्थ बसण्यापुरती घेता येईल, त्यापुढे नाही. तसंच चरित्राचं. बालकवी धरणगावचे (जन्म १८९०), आणि १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून गेले. भुसावळ-जळगाव पॅसेंजरने जाणाऱ्याला भादली आलं की हे आठवतंच. पण तो अपघात कवितेत ओतून 'कवीला आपला मृत्यू दिसला होता' असं लिहिणं म्हणजे आठ ओळींचं काम चरित्रावर ढकलणं.

पाचवी पायरी: लोकांनी त्या वस्तूत आधीच काय भरलंय?

काही वस्तू कवीच्या हाती येण्याआधीच भरलेल्या असतात. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) झोक्यावरचं अहिराणी गाणं बघा. गावोगाव शब्द थोडे फिरतात:

आथानी कैरी, तथानी कैरी, कैरी झोका खाय वं
कैरी तुटनी, खडक फुटना, झुयझुय पानी व्हाय वं

कैरी पडून खडक फुटत नाही. कार्यकारणभाव इथे शोधूच नका. पण वैशाखाचं ऊन, आटलेल्या विहिरी, सासरहून माहेरी आलेल्या पोरी आणि झोका हे सगळं एकत्र धरा. झोक्यावर कैरीही आहे आणि पोरही. हलकीशी वस्तू सुटते, कठीण ते फुटतं, अडलेलं वाहू लागतं. हे गाणाऱ्या बाईला कोणी 'मुक्तीचं प्रतीक' असं सांगितलं तर ती हसेल. तिला ते माहीत आहे, फक्त त्या नावाने नाही.

कानबाईचं उदाहरण याच्या उलटं. श्रावणात घरोघर बसते ती कानबाई म्हणजे सजवलेला, नथ घातलेला नारळ. त्याला 'देवीचं प्रतीक' म्हणणं बाहेरच्याचं बोलणं झालं. रोट खाणाऱ्या घरच्यांसाठी ती देवीच आहे. असा विधी नाटकात वापरणार असाल तर हा फरक ध्यानात ठेवा. प्रेक्षकांतली अर्धी माणसं त्या नारळाला नुसतं नाटकाचं सामान समजत नाहीत.

भरलेल्या वस्तूंवर काळाचे थरही चढतात. केशवसुतांची 'तुतारी' १८९३ ची. (केशवसुतांनी पुढे काही वर्षं खान्देशातल्या फैजपूरला शाळेत नोकरी केली, म्हणून आपल्याला ते जरा आपले वाटतात.) आज तुतारी म्हटल्यावर वर्गातल्या पोरांना निवडणुकीचं चिन्ह आठवतं आणि खसखस पिकते. पिकू द्या. मग विचारा की ह्यातला कुठला अर्थ १८९३ च्या कवितेत असूच शकत नाही.

सहावी पायरी: नाटकात वस्तूचा माग काढा

कवितेत प्रतिमा शब्दांनी उभी राहते. नाटकात ती रंगमंचावर असते, तिला वजन असतं, कोणीतरी तिला हात लावतं. म्हणून संहिता वाचताना संवादांइतकंच कंसातल्या रंगसूचनांकडे बघा. विद्यार्थी कंस सोडून वाचतात. तिथेच निम्मं नाटक असतं.

वहीचं एक पान घ्या. वर वस्तूचं नाव, खाली चार नोंदी: पहिल्यांदा केव्हा दिसली, कोणी हात लावला, मधे कुठे पुन्हा आली, शेवटी कुठे आहे. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) यासाठी घ्या. सुरुवातीलाच नाटकमंडळीतल्या शिक्षिका बेणारेबाईंचं बोट दाराच्या कडीत चेमटतं. किरकोळ गोष्ट, सगळे हसतखेळत आहेत. पुढे खोट्या खटल्याचा खेळ अंगावर आल्यावर त्या निघून जायला दाराकडे धावतात, तर दार उघडत नाही. तीच कडी. पहिल्यांदा ती नुसती कडी होती. दुसऱ्यांदा ती कडीही आहे आणि त्या सगळ्यांनी मिळून लावलेलं कुलूपही. नाटककाराने एका शब्दाने सांगितलेलं नाही.

मग मंडळींच्या मदतीला आलेल्या गावकरी सामंताचा हिरवा कापडी पोपट. पुतण्यासाठी आणलेलं खेळणं. शेवटी उद्ध्वस्त पडलेल्या बाईंजवळ तो भिडस्त माणूस तो पोपट ठेवतो आणि जातो. त्याचवेळी घरटं हरवलेल्या चिमणीचं, पोपटाने विचारपूस केल्याचं बालगीत बाईंच्याच आवाजात ऐकू येतं. हे गाणं नाटकात आधीही येऊन गेलेलं असतं. गाण्यातला पोपट आणि हातातला पोपट इथे भेटतात. गाण्यातला निदान विचारतो तरी, कापडाचा बोलूही शकत नाही. ही मदत आहे की मदतीची नक्कल? सामंताचं काम करणाऱ्या नटाने पोपट कसा ठेवला, यावर उत्तर बदलतं.

आता हे घरटं बहिणाबाईंच्या खोप्याशेजारी ठेवा. 'खोप्यामधी खोपा, सुगरणीचा चांगला.' तिथे घरटं म्हणजे कसब: उलीशी चोच, आणि शेवटी दोन हात, दहा बोटं असलेल्या माणसाला मारलेला टोमणा. 'शांतता!'मध्ये खोटं कोर्ट बाईंच्या पोटातलं मूल नष्ट करायचा निकाल देतं; तिथे घरटं म्हणजे हिरावून घेतलेलं मातृत्व. एकच वस्तू, दोन जागा. 'घरटं म्हणजे माया' हा तक्ता दोन्हीकडे लंगडा पडतो.

वस्तूच लागते असंही नाही. तेंडुलकरांच्याच 'घाशीराम कोतवाल' (१९७२) मध्ये माणसांच्या रांगेचीच भिंत होते. ती नाचते, गाते, नाना फडणविसांचे उद्योग झाकते, मोडते, पुन्हा उभी राहते. पाप लपवणारी भिंत दगडाची नसून त्या लाभावर जगणाऱ्या माणसांची आहे, हे पडदा लावून दाखवताच आलं नसतं. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तला अंगणात गंजणारा ट्रॅक्टर मात्र अगदी अचल. येणारेजाणारे त्याला ठेचकाळतात, कोणी हलवत नाही. (त्या नाटकातलं धरणगाव विदर्भातलं आहे. बालकवींच्या धरणगावशी जोडून उत्तरं लिहू नका.)

दिग्दर्शन करत असाल तर

कॉलेजच्या शेतकऱ्यावरच्या एकांकिकेत पडदा उघडताच मधोमध फास लटकत असतो, वर लाल स्पॉट. पहिल्या मिनिटाला अर्थ कळला, पुढची पस्तीस मिनिटं प्रेक्षक त्याची वाट बघत बसतात. फास हे प्रतीक म्हणून वाईट नाही, पण तो आयता अर्थ घेऊन येतो. नाटकाने त्याला कमवलेलं नसतं.

त्याऐवजी कापूस वेचताना कमरेला बांधतात ते फडकं घ्या. पहिल्या प्रवेशात बाई ते बांधते आणि वेचायला जाते. दुसऱ्यात तेच फडकं खुंटीला बांधून पोराची झोळी होते. तिसऱ्यात घरात व्यापारी आलाय, बाई फडक्याने त्याच्यासाठी खाट झटकते. शेवटच्या प्रवेशात ते घडी घालून ठेवलेलं आहे, आणि हंगाम तर वेचणीचा आहे. त्यावर प्रकाश टाकू नका, कोणाच्या तोंडी त्याच्यावर वाक्य देऊ नका. तालमीला न आलेल्या एका माणसाला नाटक दाखवा आणि नंतर विचारा, 'काय काय आठवतंय?' त्याने न विचारता फडक्याचं नाव घेतलं तर काम झालं. नाही घेतलं, तर दुसऱ्या प्रवेशात नटीने ते हाताळायला जास्त वेळ घ्यावा. 'फडकं कशाचं प्रतीक वाटलं?' असं मात्र विचारू नका, तो परीक्षेला बसल्यासारखं काहीतरी सांगेल.

थांबायचं कुठे

प्रत्येक वस्तू प्रतीक नसते. नाटकातला पाण्याचा तांब्या बहुतेक वेळा तहानेसाठीच असतो. वस्तू पुन्हा येते का, वळणाच्या जागी येते का, लेखकाने तिच्यावर गरजेपेक्षा जास्त शब्द खर्च केलेत का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर सोडून द्या.

आणि काही प्रतिमा सुटतच नाहीत. मर्ढेकरांचे ओल्या पिपात मेलेले उंदीर: 'माना पडल्या, मुरगळल्याविण.' यंत्रयुग, युद्ध, शहरातली गर्दी, सगळं म्हणून झालं तरी ती किळस शिल्लक राहते. ती शिल्लक ठेवा. तिचं भाषांतर करून टाकलं की कविता बिनधोक होते, आणि ती तशी लिहिलेली नाही.

उत्तरपत्रिकेत कसं उतरवायचं

असं नको: 'ढोर हे चंचल मनाचे प्रतीक आहे. यातून कवयित्रीची प्रतिभा दिसते.'

असं लिहून बघा: 'मनाला ढोर म्हणताना बहिणाबाई ते ''उभ्या पिकातलं'' आहे असं सांगतात. त्यामुळे चंचलतेला नुकसानीची धार येते, आणि नुकसान स्वतःच्याच शेताचं असल्यामुळे रागात हतबलताही मिसळते. ''हाकला हाकला'' ही द्विरुक्ती हाकलणाऱ्याचा दम लागल्याचं ऐकवते. ''फिरी येतं'' मधून ही धावपळ संपणारी नाही हे कळतं. मनावर ताबा मिळवण्याचा उपदेश इथे नाही, तो मिळवताना होणारी दमछाक आहे.'

वस्तू, तिची जागा, त्या जागेमुळे झालेला फरक, आणि आधाराला कवितेतलाच शब्द. या क्रमाने पाच-सहा ओळी पुरतात. तपासणाऱ्याला गाईडातलं वाक्यच हवं असेल अशी धास्ती वाटली, तर तेही लिहा, पण सगळ्यात शेवटी.